बाणांची जाडी

कुलाळ मॅडम म्हणाल्या, मानवी भूगोल वर्गात नसतो,
आणि बी.ए. भाग दोनच्या आम्हा बारा जणींना
विट्याहून सातच्या एसटीत बसवलं.
प्रत्येकीला वीस प्रश्नावल्या, एक पॅड,
दोरीनं बांधलेलं पेन.

गाव निम्मं कुलपात होतं.
आटणीच्या पैशावर उठलेले दुमजली बंगले,
गेटावर नावं : 'त्रिचूर निवास', 'सिलिगुडी',
एकावर 'मदुराई कृपा'.
आत एखादा म्हातारा
नळीनं क्रोटनला पाणी घालत.
सोनं गाळायला गेलेली माणसं जत्रेला चार दिवस येतात.
रकाना नऊ : त्यांना राहणारे धरायचं की गेलेले?
अफसाना मुजावरनं पेन्सिलीनं
दोन्हीकडं टिक केली.

पाठ होतं सगळं. ढकलणारे घटक : पाऊस, पाणी, जमीन.
ओढणारे घटक : रोजगार.
हौसाक्कांच्या उंबऱ्यावर बसून विचारलं,
घरातून स्थलांतरित किती?
"तीन ल्योक. थोरला कोइमतूरला, मधला तितंच,
धाकट्याचं गाव मला म्हणता येत न्हाई,
लिहून दिलंय, थांब."
पानाच्या डब्यातून कागद आला. पिनकोडसकट.
आणि तुम्ही?
"मी कुठं जातीय बाई. मी हितंच."
जन्म?
"कडेगाव."
पेन थांबलं.

कारण : (अ) रोजगार (ब) शिक्षण (क) विवाह.
क ला गोल केला.
पुढच्या घरी क. त्याच्या पुढं क.
आळसंद, माहुली, भाळवणी, देवराष्ट्रे,
एक बेळगावकडची,
तीस वर्षांनंतरही तिच्या 'हो'ला कानडी हेल.

त्याच आठवड्यात तासगावचे पाहुणे मला बघून गेले होते.
घरात कुणाला सांगितलं नाही,
भिंतीवरच्या नकाशात मी पट्टी लावून मोजलं :
अडीच सेंटिमीटर.

जर्नलमध्ये प्रवाहनकाशा. दहा माणसांना एक मिलिमीटर.
केरळकडं निघालेला बाण आला पाच मिलिमीटरचा, रुबाबदार.
मग बायकांचे काढायला घेतले,
आत येणारे.
कुणी सांगितलं नव्हतं.
चहूकडून, एकावर एक, शाई वाळायच्या आत पुढचा,
आणि गाव खाली गेलं.

बहिस्थ परीक्षक म्हणाले, यात गाव कुठाय?
मी काळ्या डागावर बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा वर सरकवला,
नकाशाचा वरचा कोपरा बघितला, मोकळा,
आणि तांबड्या पेनानं लिहिलं :
उत्तर दाखवलेले नाही.
एक गुण वजा.