एकाच चौकोनात खूण करा

'आशिया खंडाचा वारसा' असं वर छापलेलं आठ पानी पत्रक
वैशाखात आमच्या कचेरीत आलं,
साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं:
"माहुरकरबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

खंड म्हणजे केवढा, ते मला शाळेतल्या नकाशापुरतंच ठाऊक,
घडी पडून पडून सैबेरिया फाटलेला,
आपण मात्र खाली शाबूत.
मी बडोद्याची. काळाघोड्याच्या पुलावरून वाकलं की दिसते
ती विश्वामित्री, गावभरचं पोटात घेऊन काळवंडलेली,
आणि तिच्यात ओंडक्यासारखी पडलेली मगर.
तेवढाच माझा खंड.

पहिल्या पानावर वड लिहिले.
गावाच्या नावातच आहेत, विसरून कसं चालेल.
जुन्या यादीतले सत्तावीस शोधायला निघाले,
अकरांच्या जागी पेव्हर ब्लॉक,
एकाच्या जागी नुसता पार.
पारावर भर उन्हात बसलेले ढमढेरे म्हणाले,
"सावली गेली बेन, बसायची सवय नाही गेली."
सवयीला रकाना नव्हता.

दुसऱ्या पानावर भाषा.
आमची मराठी लिहिली,
जिला ताप येत नाही, ताव येतो,
जी वाक्याच्या शेवटी 'ने' लावते
आणि पुण्याला गेली की कमी बोलते.
स्थिती: वापरात.

तिसऱ्या पानाशी अडले.
प्रकार: सांस्कृतिक. नैसर्गिक.
एकाच चौकोनात खूण करा.

आता नटुकाका वसावा.
वनखात्यात रोजंदारीवर. पूर ओसरला की
अंगणातून, न्हाणीघरातून, एकदा ट्यूशन क्लासच्या जिन्यातून
मगरी उचलून आणायच्या.
डोळ्यांवर ओलं गोणपाट, जबड्याला चिकटपट्टी,
आणि टेम्पो नदीपाशी पोचेपर्यंत
शेजारी बसून तिच्याशी हळू आवाजात बोलायचं.
काय बोलता, विचारलं तर म्हणाला,
"आलंच घर, म्हणतो. घाबरलेल्याला आणखी काय सांगणार?"

त्या वर्षी एकीनं उतारावर अंडी घातली होती.
काठ सपाट करायचा होता, सुशोभनासाठी.
आराखड्यात तिथे बाकडी होती, कारंजं होतं,
आणि कारंज्यात, खरंच सांगते,
सिमेंटची मगर होती.

जेसीबी सोमवारी येणार.
रविवारी तिन्हीसांजेला नटुकाकानं
आज्यानं तासलेली सागाची मगर आणली, हातभर लांब,
खुंटावर बसवली, शेंदूर फासला, नारळ फोडला.
मी बॅटरी धरली होती.
"आमच्याकडे हा देव. पेरणीआधी ह्याला विचारतात."
मग जरा थांबून, "खोटं नाही करत हां मी."

सोमवारी चालकानं, मिसरूड फुटलेलं पोर,
खाली उतरून चपला काढल्या
आणि ठेकेदाराला फोन लावला: इथे कोणाचं तरी ठाणं आहे,
मी हात लावणार नाही.
ठेकेदारानं इंजिनियरला, इंजिनियरनं त्याच्या वरच्याला.
दुपारपर्यंत फोन वर वर चढत राहिला.
संध्याकाळी मशीन चाळीस फूट पलीकडे सरकलं.

चाळीस फूट.
बाकीचा काठ त्यांनी खरवडलाच.
खंड्यांची बिळं, शेरणी, कासवांची उन्हं खायची जागा
ट्रकात भरून गेली.
'शेरा' या शब्दापुढे दोन ओळी होत्या,
मी एकही लिहिली नाही.

ज्येष्ठातल्या एका पहाटे नटुकाकाचा फोन.
आम्ही पालथे पडलो, कान मातीला लावून.
खालून, कवचाच्या आतूनच,
उचक्या लागल्यासारख्या हाका येत होत्या.
ती पाण्यात होती, नुसते डोळे वर काढून,
आम्ही उठायची वाट बघत.
आम्ही उठलो.

पत्रक अजून माझ्या खणात आहे.
तिसऱ्या पानावर, दोन चौकोनांच्या मध्ये,
शेंदराचं बोट लागलंय. माझंच असणार.
साहेब म्हणतात, डागाळलेलं पाठवता येत नाही,
नवं मागवा.
मागवते, म्हणाले.