डाख

सोहार. शुक्रवारची रात्र, खोली नंबर चोवीस.
मोफिज झोपलाय. शिबू खाटेच्या दांडीवर कपडे वाळत घालतोय.
मी खजुराच्या खोक्याचं झाकण मांडीवर घेऊन
रेवतीने सांगितलंय तसा बसलोय.

दोन किट घेतले होते. एक मला, एक वेळणेश्वरला.
मधे दीड तासाचा फरक
आणि फोनची काच, तीही तडकलेली.

एकोणीस वर्षं पाइप जोडतोय मी.
छत्तीस इंची, आतून माणूस रांगत जाईल असे.
त्यांचा एक्स-रे निघतो. माझ्या जोडात खोट निघाली नाही.
आणि हा रेझिस्टर:
तांदळाचा दाणा, कमरेला रंगीत पट्टे,
चिमटीत धरला की नुसती बोटंच दिसतात.

सळई तापली तसा हात आपसूक कपाळाकडे गेला,
मास्क खाली ओढायला.
ती हसली. "बाबा, एवढा उजेड नाही पडत याचा.
आधी टिपला टिनिंग कर."
कल्हई म्हण की, मी म्हटलं.
तिला शब्द नवा.
राळेचा धूर वर चढला. शिबूने विचारलं, ऊद लावला?

"तार टिपला नको लावूस. जागा तापव,
जागा तापली की कथील आपणहून येतं."
ठाऊक आहे, पोरी.
हेच मी नव्या पोरांना शिकवतो, हिंदीत, शिव्या घालून.
तरी ऐकून घेतलं.
हा असा ठाम आवाज तिला कधी फुटला,
मी कुठल्या सुट्टीत नव्हतो?

सोळा डाख.
सातवा फुगून गोळा झाला, अकरावा शेजाऱ्याला चिकटला.
बॅटरी लावली.
तिच्याकडे लाल दिवा लुकलुकू लागला.
माझ्याकडे काहीच नाही.

"पाय बघ त्याचे. लांब पाय कुठे गेला?"
आखूड पायाच्या भोकात.
"उलटा लावलास. काढ."

आमच्याकडे जोड काढायचा म्हणजे ग्राइंडर, ठिणग्या,
अख्खा दिवस, वर साहेबाची सही.
हे नुसतं पुन्हा तापवलं.
कथिलाचं पाणी झालं, दिवा हातात आला,
जसा कधी लावलाच नव्हता.

मी तसाच बसून राहिलो, दिवा तळहातावर.
"बाबा? स्क्रीन अडकली का?"
नाही गं. लावतो.

पेटला.
तिचा आणि माझा एका तालात नाहीत,
तिचा जरा घाईत.
मोफिज कूस बदलत पुटपुटला, बत्ती बुझाओ भाई.
मी तो उशीखाली सरकवला,
चालूच.