दहा मायक्रॉन

उद्यमबागेत, भरमाण्णा पाखऱ्यांच्या शेडमध्ये
आम्ही तोफेची एक कडी करत होतो.
अख्खी तोफ नव्हे. कडी.
तळहातात मावेल एवढी,
फरक चालेल तो दहा मायक्रॉन,
म्हणजे केसाचा सातवा हिस्सा.
एवढ्यात बसली तर पास,
नाहीतर भंगाराच्या डब्यात, ठण्ण.

चाळीस पास झाल्या.
तिकडे वाळवंटात तोफ बरोबर उडाली म्हणे,
भरमाण्णांनी पावशेर पावशेर कुंदा वाटला.

मग समुद्रापलीकडच्या एका देशात निवडणूक झाली.
आमचं तिथं एक मत नाही,
तरी आमची लेथ थांबली.
पत्र आलं: फेरविचार चालू आहे.
दुकानावरची पाटी कन्नडात की मराठीत
यावर या गावात डोकी फुटलीत,
हे पत्र कुठल्या भाषेत आलं
ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता दुसरीच तोफ ठरली.
पेपरात फोटो: दोन खुर्च्या, मधे फुलदाणी,
हात हातात, नजर कॅमेऱ्यात.
त्यांनी आपल्याला तेल उधार दिलं होतं,
आणि कुठल्याशा सभेत, कुठल्याशा ठरावाला,
वेळेवर हात वर केला होता.
मी चष्मा पुसून बातमी दोनदा वाचली.
तोफ किती लांब मारते, ते शेवटच्या ओळीत होतं.

सतरा वर्षं मायक्रोमीटर धरलाय मी.
वर केलेल्या हाताची जाडी
त्यात मावत नाही.

भाचा देवाप्पा तोफखान्यात आहे.
फोनवर म्हणाला, ‘मामा, नवी तोफ चांगली हाय की.
पुस्तक तेवढं वाचता येईना.’

भरमाण्णा आता पंपाचे इंपेलर ओततात.
कड्या आम्ही वाटून घेतल्या.
माझ्याकडची एक यल्लुबाईनं
आंब्याच्या लोणच्यावर दडपायला घेतली,
फडक्यात गुंडाळून. बरणीच्या तोंडात
अशी बसली, जणू तिच्याच मापाची.

एक गोष्ट मात्र भरमाण्णांना सांगितली नाही.
ऑर्डर गेली त्या रात्री
मला गाढ झोप लागली.
पहाटे जाग आली ती
पगाराच्या तारखेनं.