पाचांहून कमी

तिकडे नाव आधी कुणाला सांगत नाहीत,
पाद्रीबाई कपाळावर पाणी घालेपर्यंत.
दोन महिने ती नुसती पोर होती,
मावशीच्या फोनवर 'आपलं ते',
दवाखान्याच्या कागदावर आईचं आडनाव
आणि त्याच्या अलीकडे एक आडवी रेघ.

पुओलांकाच्या वर, होंकायार्वी तळ्याकाठी,
मार्चातला शनिवार.
वेलदोडा घातलेल्या पावाचा वास,
सतरा माणसं, दाराशी चौतीस बूट.
सोह्वीनं लेक उचलली, म्हणाली:
रीते.

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.
मावशी म्हणाली, गोड आहे हं,
न कळल्यावर म्हणतात तसं.
आपण तिथे असतो तर आपल्यालाही वाटलं असतं,
लेकराचं नाव कुणी रितं ठेवतं का?
पण त्यांच्याकडे हा शब्द काठोकाठ भरलेला:
पानगळीत, वारा पडलेल्या रात्री
पाण्यावर धरते ती पहिली साय.
बर्फ नव्हे.
बर्फ म्हटलं की पाय ठेवावासा वाटतो.
हिच्यावर भूर्जाचं एक पान टेकतं,
खडा सरपटत सोडला तर चिमणीसारखा बोलत जातो.
उन्हं आली की गेली.

आजोबा ताउनो खिडकीशी.
"हे नाव नाही, ही वस्तू आहे.
उद्या गवताला गवत म्हणतात म्हणून
पोराला गवत म्हणाल.
आणि हा शब्द आता बोलतं कोण?
कुठून काढलात?"

"तुमच्याकडून," सोह्वी म्हणाली.
"मी ताम्पेरेत होते, रात्रपाळी करून आलेली,
तुमचा फोन. होडी ओढून घेतली म्हणालात,
खाडीत रीते धरलंय.
मी विचारलं, म्हणजे बर्फ?
तुम्ही चिडलात. बर्फ नाही गं, रीते! आणि फोन ठेवलात.
मी पावाच्या पिशवीवर लिहून ठेवलं."

ताउनोला होडी आठवली.
फोन नाही.
त्यानं कॉफी संपवली, मग उगाच पुन्हा ओतली.

नोंद करायला तुउरे कयानीला गेला.
बाईंनी अक्षरं दोनदा विचारली,
दोन ई, हो, दोन,
मग पडदा त्याच्याकडे वळवला:
देशभरात या नावाची माणसं, पाचांहून कमी.
नेमकी किती?
ते सांगत नाहीत. इतकी थोडी असली
की आकडा म्हणजे बोट दाखवल्यासारखं होतं.
परतीच्या वाटेवर, नव्वद किलोमीटर पाईनची झाडं,
तो मोजत राहिला. चार? दोन?
की एकटी हीच, मागच्या सीटवर
एक मोजा काढून टाकलेली?

त्यांच्या पंचांगात रोज कुणाचा ना कुणाचा नामदिन,
काही तारखांवर तर चौघींची दाटी.
हिच्यासाठी जागा नाही.
ताउनोनं वर्षभराची पानं चाळली, चष्मा पुसला,
आणि शिसपेन्सिलीनं काही लिहिलं नाही.

ऑक्टोबरात एका पहाटे फोन आला.
"धरलंय," एवढंच म्हणाला.
मग तारीख लिहिली: चौदा.
पुढच्या साली एकोणीस. त्यापुढे सत्तावीस,
त्याखाली बारीक अक्षरात: फक्त काठाला.
सगळ्यांचा दिवस ठरलेला असतो,
हिचा तळ्याला विचारावा लागतो.

यंदा ती पाच वर्षांची आहे.
नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपला.
केकचे साचे ओट्यावर काढून ठेवलेले,
त्यात आता किल्ल्या आणि बटणं साठलीत.
आज तिनंच फोन लावला:
"आजोबा, मी आले का?"

तो धक्क्यावर उभा, कानटोपी न घालता.
काठीनं पाणी डिवचतो.
वर्तुळं पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत जातात,
वाटेत कुठेच अडत नाहीत.

"अजून नाही," तो म्हणतो.
"पण आभाळ मोकळं आहे.
झोप तू. मी बघतो."