निळ्याला वॉरंटी नाही

कुडाळच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
लोखंडी फ्रेम, पावडर कोटिंग, सात वर्षं बघायला नको.
मग पत्ता विचारला.
निवती, म्हटलं.
किनाऱ्यापासून किती आत?
आत कुठे, भरतीला पायरीखाली वाजतं.
त्याने पेन खाली ठेवलं.
खाऱ्या वाऱ्याला कंपनी वॉरंटी देत नाही, ताई.

हे बाजूला गादीवर अंगठा दाबत उभे,
जणू बेअरिंग तपासतायत.
बावीस वर्षं जहाजावर. आठ महिने तिकडे, चार इकडे.
त्या चारांसाठी कोण पलंग घेणार?
मी आणि माझी पट्ट्यांची खाट,
आणि ते आले की जमिनीवर दोन गोधड्या.
आता आलेत ते आलेतच.
बॅग माळ्यावर गेली,
बुटांना बुरशी आली.

रंग तीन होते.
काळा, कॉफी, आणि एक निळा.
गणवेशाचा नव्हे, नीळ घातलेल्या धोतराचा नव्हे,
ताजा बांगडा बर्फातून काढताना
पाठीवर क्षणभर असतो ना,
मग हवेत विझतो,
तो.
नजर तिथेच अडकली.
तोंडाने मात्र म्हटलं, कॉफी द्या.

कारण मला वाटायचं,
माणूस बावीस वर्षं निळ्यात झोपला, निळ्यात उठला,
घरी येऊन पुन्हा त्यालाच डोकं टेकायचं?
स्वयंपाकघरात कंपनीचं कॅलेंडर असायचं:
पांढरं जहाज, बाकी कागदभर पाणी.
भाकरी थापता थापता मी ह्यांना
त्या पाण्यावर कुठेतरी ठेवायचे.
डेकवर, रेलिंगला टेकून,
शर्टात वारा भरलेला.
कधी कधी त्या वाऱ्याचा रागच यायचा.
इकडे पंप जळायचा, पोरीला गोवर यायचा,
आणि हा माणूस आपला निळं बघतोय.

बिल निम्मं लिहून झालं होतं
तेव्हा हे बोलले,
इतकं हळू की पंख्यात हरवलंच असतं:
"निळो घे गो."
म्हटलं, कंटाळा नाही आला?
"कसलो?
मी खाली असायचंय. इंजिनात.
पिवळो दिवो, काळा त्याल, कानात कापूस.
पाण्याच्याय खाली.
थय माका दर्यो खय दिसता?"

पोरगा थांबला. मीही,
हातात कॉफी रंगाचा नमुना धरून.
बावीस कॅलेंडरं.
आठवलं, सुट्टीत जेवायला बसायचे ते
त्या भिंतीकडे पाठ करूनच.

कॉफी खोडून निळा लिहिला.
नाव काय घालू, त्याने विचारलं.
दिगंबर, म्हणायला गेले,
तर हे म्हणाले, तिचा घाल.
मालन दिगंबर केळुसकर.
वॉरंटीच्या चौकटीत एक आडवी रेघ.

टेंपोतून सुटे भाग आले.
दुकानाचा पाना ह्यांनी बाजूला सारला, स्वतःचा काढला,
एकेका सांध्यात बोटाने ग्रीस भरलं.
"करकरूक नको," म्हणाले,
आणि बघायला आलेली सुगंधा
पदर तोंडाला लावून निघून गेली.
एक स्क्रू उरला. तो अजून त्यांच्या खिशात असतो.

पहिल्या रात्री
ते भिंतीच्या कडेला, हातभर जागेत, अंग चोरून.
बंकची सवय.
मी माझ्या कडेला. खाटेची.
मध्ये एक होडी सहज ओढून ठेवता येईल
एवढी गादी मोकळी.
हसू आलं, पण आधी कोणी सरकायचं ते ठरेना.
उशाशी निळी नळी होती, थंड,
तिच्यावर दोघांचे हात
आपापल्या टोकाला.
पहाटे बघते तर त्यांचा बराच पुढे आलेला.

आज फरशी पुसताना दिसला,
पायाशी, तिळाएवढा,
तांबडा ठिपका.
ह्यांना सांगितलं नाही अजून.
पॉलिश पेपर कुठे ठेवलाय
ते मला ठाऊक आहे.