अडीच इंच

शेफिल्डमध्ये चाकू घेणं सोपं,
शेफिल्डबाहेर पाठवणं अवघड.

स्टॅनिफोर्थचं दुकान म्हणजे एक बोळच,
या टोकाला दार, त्या टोकाला धारेचं चाक.
म्हातारा केन प्रत्येक चाकू कानाशी नेऊन मिटतो.
खट्.
हा नाही, म्हणतो. खट्. हाही नाही.
चौथ्याला मान हलवली.
म्हशीच्या शिंगाची मूठ, पातं अडीच इंच.
मला चारही खट् सारखेच वाटले.

सहा वर्षांपूर्वी याच काचेबाहेर
हुपरीकर सर उभे होते,
अंगात माझा कोट, बाह्या बोटांवर उतरलेल्या.
किंमत वाचली, मनात तिचे रुपये केले
आणि म्हणाले, चला, ऊन गेलं.
ऊन नव्हतंच.
त्या रात्री घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून
भाजीच्या सुरीनं त्यांना टोकं केली.
गडहिंग्लजच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली,
शार्पनरला ते 'गिरणी' म्हणत.
लाकूड ऐकायचं असतं, म्हणाले,
शिसं आपोआप बाहेर येतं.
शलाका हसली. तेव्हा ती हसायची. मीही.

आता ती लीड्सला असते. बरी आहे, असं कळतं.
कागदांवर आम्ही एकाच पेनानं सह्या केल्या,
तिनं ते माझ्यापुढे केलं
टोक स्वतःकडे ठेवून.

हिल्सबरोच्या पोस्टात जॅकीनं यादीवरून बोट फिरवलं.
अत्तर नाही. नेलपॉलिश नाही.
मधमाश्यांपाशी बोट थांबलं, तिलाही हसू आलं.
चाकू? परदेशी? नाही रे बाळा.
मग ॲटरक्लिफ, टायरच्या दुकानाला लागून कुरिअर.
वस्तू: चाकू, मिटणारा.
उपयोग: पेन्सिलींसाठी.
विक्री की भेट: भेट.
"कुणाला? वडलांना?" पोरानं सहज विचारलं.
मागे रांग होती. मी हो म्हणालो.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता, ते एक बरं.

गाडीत बसलो, किल्ली लावली,
आणि तेव्हा आई आठवली, विळीपाशी, न बघता बोलणारी:
सुरी हातात देऊ नये रे कुणाच्या.
खाली ठेव. त्याला उचलू दे.
नाहीतर नातं तुटतं.
तुटायला नेमकं काय उरलंय
हा हिशेब मी ट्रामचे रूळ ओलांडेपर्यंत करत होतो.
केननंही बजावलं होतं, सोबत एक पेनी घाल,
ती त्यानं तुला परत करायची,
म्हणजे चाकू विकत घेतल्यासारखा होतो.
पेनी खिशातच राहिली होती.

तेवीस दिवस.
त्यातले नऊ मुंबईच्या कस्टममध्ये,
दोन बेळगावला, काही कारण नसताना.

मग एका रविवारी सरांचा आवाज,
एक मिनिट बारा सेकंद.
आधी खाकरणं. मग पंख्याची घरघर. मग:
"चाकू पोचला. पातं उत्तम.
मूठ जरा गुळगुळीत आहे, होईल सवय.
आणि हे बघ,
तो कुरिअरचा मुलगा हातातच द्यायला लागला.
बाहेर लिहिलेलं होतंच चाकू म्हणून.
म्हटलं, नको, पायरीवर ठेव.
म्हणाला, आजोबा, सही लागेल.
म्हटलं, सही देतो, पण आधी खाली ठेव.
मग मी उचललं."

पुढे बराच वेळ ते काहीच बोलत नाहीत.
फोन बंद करायला विसरले असतील.
नुसतं लाकूड ऐकू येतं, एकेक काप,
आणि शेवटी
खट्.

मी तो पुन्हा लावला.
दुकानातले बाकीचे तीन कसे वाजले होते
ते आता मला आठवत नाही.