मालनकाकूंचा वाटा

वर्षभर सीताफळं तोलणारा अब्बांचा काटा
आज घासूनपुसून मोरीजवळ मांडलाय.
अम्मी त्याच्याकडे बघतही नाही, तिचा हातच काटा.
एक वाटा घराचा,
एक सोयऱ्या-शेजाऱ्यांचा,
एक टिंबर मार्केटमागच्या झोपड्यांचा.

मधल्यातून ती सगळ्यात आधी काढते
मांडीचं अर्धा किलो, वर एक नळी,
आणि भरते त्या डब्यात
ज्याच्या बुडाला कोरलंय:
सौ. मालन दिनकर पासलकर, १९८७.
हा डबा आमचा नाही. त्यांचाही राहिलेला नाही.
रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून
अडतीस वर्षं घोरपडे पेठेतल्या या जिन्यावर
चढतोय, उतरतोय.

तेरा वर्षांचा होतो. शाळेत कुणीतरी म्हणालं,
त्यांना द्यायचं नसतं, चालत नाही.
मी थेट मौलानांना गाठलं, वजूच्या हौदापाशी.
ते बाह्या सरसावत म्हणाले,
"भिंत एकच ना तुमची?
मग वास पोचला असेल. वास पोचतो तिथं
वाटा पोचला पाहिजे. पळ."
घरी येऊन सांगितलं, तर अम्मी म्हणाली,
"एवढं विचारायला गेलास?
तिकडं रस्सा उकळला पण."

दिनकरकाका पीएमटीत कंडक्टर.
नळी ताटावर अशी आपटायचे
की खालच्या मजल्यावरची मांजर वर यायची.
"निसार, बाकी सगळं तिकीट,
हा पास."

ते गेले त्या वर्षी काकूंनी माळ घातली.
ईद आली. अम्मी रिकामा डबा घेऊन
बराच वेळ उंबऱ्यात.
मग त्यात खजूर भरले, वर चार केळी.
काकूंनी झाकण उघडलं. बघितलं.
आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या,
"मी खात नाही म्हणून
माझा वाटा गिळलास होय गं, जैबुन?"

तेव्हापासून पुन्हा तेच: अर्धा किलो, एक नळी.
काकू डबा पदराने धरतात
गळ्यातल्या मण्यांपासून जरा लांब,
आणि उतरतात,
गुडघे प्रत्येक पायरीला नावं ठेवत,
इस्त्रीवाल्या रामधनीच्या टपरीपर्यंत.
त्याची तीन पोरं आधीच वाट बघत असतात.
"ह्यांच्या नावचं आहे," काकू सांगतात.
"नळी धाकट्याला द्या. मोठा हिसकावतो."

पुढच्या वर्षी बिल्डिंग पाडणार.
आम्हाला बी विंग, चौथा मजला.
काकू लेकाकडे, मोशीला;
तिथं म्हणे गेटवर पिशव्या उघडून बघतात,
अंडंसुद्धा चालत नाही.
तरी त्या परवा हिशेब घालत होत्या,
मोशीहून कुठली बस, कुठं बदलायची,
आणि रामधनी तेव्हा कुठल्या फुटपाथवर असेल.
अम्मी म्हणाली, "बघू."
कुणी डब्याचा विषय काढला नाही.

संध्याकाळी तो परत आला.
शेंगदाण्याचे लाडू, सात,
एक फुटलेला.
अम्मीने ते ताटात काढले,
डबा घासला, राखेने, दोनदा,
आणि ओट्यावर पालथा घातला.
नाव वर आलं.
त्यातलं 'सौ.' कुणी खोडलेलं नाही.